चौथ्या पलंगावरचं पोट

परीक्षेची व्यवस्था मोठी चोख होती. आत जायचं दार वेगळं, बाहेर पडायचं दार वेगळं. मोबाईल जमा करून घेतलेले. सुटलेल्यांनी वाट पाहणाऱ्यांशी एक अक्षर बोलायचं नाही, अशा पाट्या दोन ठिकाणी लावलेल्या. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. दोन्हीकडच्या उमेदवारांना स्वच्छतागृह एकच होतं. त्यामुळे नऊला सुरू झालेल्या परीक्षेची बातमी साडेनऊपर्यंत बाकावरच्या शेवटच्या मुलीपर्यंत येऊन पोचली: चौथ्या पलंगावर काही नाही.

"काही नाही म्हणजे?" त्या मुलीने विचारलं.

"काही नाही म्हणजे काहीच नाही. नॉर्मल पोट. पोस्टमनकाका झोपलेत. 'मऊ आहे, कुठे दुखत नाही' एवढं म्हणायचं आणि सुटायचं." सांगणारा चष्मेवाला होता, तिच्याहून दोन वर्षांनी मागचा, आणि आता तिच्या बरोबरीने परीक्षेला बसलेला. "खास तुझ्यासाठीच मांडलंय बघ, स्प्लीनताई. या वेळी उगाच काही शोधू नकोस."

बाक हसला. तीही हसली, कारण न हसणाऱ्याला लोक जास्त चिडवतात हे तिला वर्षभरात कळून चुकलं होतं.

नाव तिने स्वतःच्या कर्तबगारीने मिळवलं होतं. गेल्या खेपेला याच परीक्षेत, याच खोलीत, एका ठणठणीत माणसाच्या डाव्या बरगडीखाली तिने हात घातला आणि भीतीच्या भरात म्हणाली, "सर, स्प्लीन लागते. दोन बोटं." निरोगी माणसाची स्प्लीन, म्हणजे प्लीहा, हाताला लागत नाही, ती बरगड्यांच्या आड दडलेली असते. परीक्षकांनी मान वर न करता विचारलं होतं, "दोन बोटं? कुणाची?" तेवढ्यावर ती नापास झाली. आणि ज्या मुलांना तिचं खरं नाव कधी पाठ झालं नव्हतं, त्यांना हे नाव एका दिवसात पाठ झालं.

ही तिची तिसरी खेप. नियमाप्रमाणे शेवटची. या वेळी गेली तर शेवटचं अख्खं वर्ष पहिल्यापासून, नव्या मुलांबरोबर. घरी धाकटी बहीण केव्हाच पास होऊन एका दवाखान्यात बसायला लागली होती, आणि आज सकाळी तिनेच फोनवर मोठ्या बहिणीच्या थाटात बजावलं होतं, "ताई, जे हाताला लागेल तेच सांग. नसेल ते सांगू नकोस." मागून आईचा आवाज आला होता, "तिला म्हणावं, काही खाल्लंस का?" आईला परीक्षेतलं एवढंच कळायचं, पण तेवढं ती दर खेपेला न चुकता विचारायची.

परीक्षक तेच होते. त्यांना मुलं पट्टीसर म्हणत. त्यांच्या खिशात पंधरा सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी असे. कुणी "गाठ थोडी मोठी आहे" असं म्हणालं की ते पट्टी पुढे करत. "थोडी म्हणजे किती? मोजा." त्यांच्यासमोर विशेषणं वापरायला मुलं बिचकत. कामाची पद्धतही त्यांची ठरलेली. भिंतीकडच्या टेबलाशी बसायचं, समोर छापील तक्ता, त्यात वीस चौकोन. उमेदवाराने छापलेलं वाक्य उच्चारलं की चौकोनात खूण. मध्ये बोलायचं नाही, पेशंटला हात लावायचा नाही. आठ मिनिटं झाली की पुढचा.

आणि पोस्टमनकाका. निवृत्तीनंतर अकरा वर्षं ते परीक्षेत पेशंट होऊन झोपत. त्यांचं अपेंडिक्स आजवर पस्तीस वेळा सुजलं होतं, पित्ताशयात वीस वेळा खडे झाले होते. बाळंतपण सोडलं तर त्यांच्या पोटाने सगळं केलं होतं. कुठे दाबल्यावर किंचाळायचं, कुठे नुसतं कण्हायचं, हाताखाली स्नायू कधी आवळायचे, हे त्यांना काही डॉक्टरांपेक्षा बरं ठाऊक होतं. भूमिका कुठलीही असो, एक वाक्य मात्र ते पदरचं घालत. उमेदवाराने पोटाला हात लावला रे लावला की, "पोरी, हात गार आहेत तुझे, चोळून घे जरा." घाबरलेल्या मुलांना तेवढा एक श्वास मिळे. पट्टीसरांच्या तक्त्यात त्या वाक्याला चौकोन नव्हता, पण त्यांनी ते कधी अडवलंही नव्हतं.

तिच्या आधी चष्मेवाला आत गेला. आठ मिनिटांनी घंटा झाली. अकरा वाजायला दोन मिनिटं कमी असताना सिस्टरने दार उघडून तिचा नंबर पुकारला.

ती आत गेली आणि शिकवल्याप्रमाणे आधी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. आधी बघायचं, मग चाचपायचं, मग ठोकायचं, मग ऐकायचं. हात लावायची घाई करायची नाही.

"नमस्कार काका. काय होतंय?"

"सकाळपासून जरा जड वाटतंय." काकांनी भूमिकेतलं वाक्य म्हटलं. "दुखत नाही."

वाक्य बरोबर होतं. पण ते तीन तुकड्यांत आलं, आणि दोन तुकड्यांच्या मधली जागा जरा जास्तच होती.

तिने पोटाकडे पाहिलं. श्वासाबरोबर पोट वर येतं, खाली जातं. ते बघायला डॉक्टर व्हावं लागत नाही. हे पोट हलत नव्हतं. श्वास वरच्यावर, गळ्याखालीच चालला होता. काका उताणे, गुडघे किंचित वर घेऊन, कुणीतरी आखून दिलेल्या रेषेत झोपावं तसे पडले होते. डोक्यावर पंखा फिरत होता, आणि त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते.

'तू शोधते आहेस,' ती स्वतःला म्हणाली. 'पुन्हा शोधते आहेस.'

तिने हात पुढे केला. तिचे हात कधी नव्हे इतके गार पडले होते. तळवा पोटावर ठेवला आणि ती थांबली. काकांच्या त्या वाक्यासाठी.

वाक्य आलं नाही.

त्यांनी छताकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. आणि हाताखाली जे होतं, ते पोट नव्हतं, फळी होती. तिने बोटं हळूच दाबली. बोटं आत गेलीच नाहीत.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, काका स्नायू आवळून नाटक करत होते. पट्टीसरांनी मध्येच भूमिका बदलली असणार आणि बाहेरची बातमी शिळी झाली असणार. किंवा दुसरी.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही, पोरी." आवाज गोड, सराईत. कपाळावरची शीर मात्र उभी राहिली होती.

तिने टेबलाकडे पाहिलं. पट्टीसरांची पेन्सिल तक्त्यावर तयार होती. ते कशाची वाट पाहत आहेत हे तिला माहीत होतं: 'पोट मऊ आहे.' तीन शब्दांत मावणारी गोष्ट. ते म्हटलं की यादीतल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगता येतील, चौकोन भरतील, आई विचारेल, "काही खाल्लंस का," आणि ती म्हणेल, "हो गं, पेढा खाल्ला."

आणि दुसरं काही म्हटलं तर? ठणठणीत माणसात रोग शोधणारी, सलग दुसऱ्यांदा.

घड्याळात दोन मिनिटं झाली होती.

आवळलेलं पोट दोन प्रकारचं असतं, हे काकांनीच तिला सरावात शिकवलं होतं. माणूस मुद्दाम आवळतो, किंवा भीतीने आवळतो, त्याला गार्डिंग म्हणायचं. लांब श्वास सोडताना ते नकळत सैल पडतं. "श्वास सोडताना मला सोंग धरता येत नाही बघ," काका म्हणाले होते, "तिथे माझी कला संपते." जे कशानेच सैल पडत नाही ती रिजिडिटी, फळीसारखा ताठरपणा, तिथे आत काहीतरी फुटलेलं असतं.

"काका, मोठा श्वास घ्या आणि सावकाश सोडा."

काकांनी श्वास घेतला. तो अर्ध्यावर अडला. सोडताना फळी फळीच राहिली.

तिने मनगट धरलं. मिनिटाला एकशे चोवीस. हात ओला, थंड. तिने नळी कानाला लावली आणि पोटावर टेकवली. धडधाकट पोटात सतत काही ना काही चाललेलं असतं, गुडगुड, कुरकुर, नळाचं पाणी गेल्यावर येतो तसा आवाज. तिने काटा बघत एक मिनिट ऐकलं. मग दुसरं. परीक्षेतली दोन मिनिटं म्हणजे पाव आयुष्य. तिने ती दिली. आत अगदी गप्प होतं. पलीकडच्या खोलीतली खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, पण काकांच्या पोटातून काहीही नाही.

सहा मिनिटांची घंटा झाली. दोन उरली.

"सापडलं काय ते सांगायला सुरुवात करा," पट्टीसर म्हणाले. डोळे तक्त्यावर.

"एक मिनिट, सर."

"तुमचंच आहे ते मिनिट."

एकच गोष्ट राहिली होती. उजव्या बरगड्यांवर, जिथे आत लिव्हर बसलेलं असतं, तिथे बोटाने ठोकलं की आवाज बद्द येतो, भरलेल्या पिंपावर ठोकल्यासारखा. घाम आणता येतो, कण्हता येतं, पोट आवळता येतं. पण लिव्हरवरचा बद्द आवाज कुणालाही, अकरा वर्षांच्या कसबी माणसालाही, आपल्या मर्जीने घालवता येत नाही. तो फक्त एका गोष्टीने जातो: आतडं किंवा जठर फुटून हवा बाहेर आली आणि लिव्हरच्या वर जाऊन बसली, तर.

तिने डावं मधलं बोट बरगडीवर टेकवलं आणि उजव्याने ठोकलं.

रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

एक बरगडी खाली. तसाच. आणखी एक. तसाच. तिने स्वतःच्या मांडीवर ठोकून पाहिलं, बोट नीट पडतंय ना म्हणून. तिथे बद्द. पुन्हा काका. रिकामा डबा.

ती सरळ उभी राहिली.

"सर, पोट ताठर आहे. सगळीकडे. श्वास सोडतानाही सैल पडत नाही. आतड्यांचे आवाज दोन मिनिटं ऐकले, नाहीत. नाडी एकशे चोवीस. लिव्हरवरचा बद्द आवाज गेलेला आहे."

पेन्सिल हलली नाही.

"गेलेला आहे," पट्टीसर म्हणाले. "कुठे गेला?"

"आत हवा आहे, सर. काहीतरी फुटलंय."

"शब्द मोजून वापरा. मागच्या खेपेची स्प्लीन आठवते?"

"आठवते, सर. ती नव्हती. हे आहे."

"पेशंट म्हणतोय, दुखत नाही."

"पेशंट भूमिकेत आहे, सर."

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. सिस्टर घंटेवर हात ठेवून उभी होती; तिचाही हात तिथेच राहिला. पलंगावरून काकांचा तोच सराईत आवाज आला, जरा बारीक झालेला, "नाही हो... काही दुखत नाही... जरा जड वाटतंय इतकंच."

"परीक्षकाने हात लावायचा नाही, असा नियम आहे," पट्टीसर म्हणाले. हे ते तिला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही.

"मग मला शून्य द्या आणि ही परीक्षा संपली असं लिहा," ती म्हणाली. आवाज कापत होता, आणि कापतोय याची तिला लाज वाटत होती. "नंतर हात लावा. पण आत्ता लावा, सर."

घंटा झाली. आठ मिनिटं संपली. नियमाप्रमाणे तिने बाहेर जायचं होतं. ती पलंगाच्या कडेला तशीच उभी राहिली.

पट्टीसर उठले. खोलीतली ती सहा पावलं ते सकाळपासून चालले नव्हते. त्यांनी पोटावर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. बदलला तो हात, तो एकदम हलका झाला. मग उजव्या बरगडीवर एकदा ठोकलं. दोनदा.

"सिस्टर," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ट्रॉली. आणि सर्जरीवाल्यांना फोन करा, मी सांगितलंय म्हणून." मग वाकून काकांच्या कानाशी, "काका, खेळ संपला. आता खरं सांगा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं.

"आई गं," ते म्हणाले.

पोटातल्या भोकाचा आकार मसुरीच्या दाण्याएवढा निघाला. पायी टपाल वाटून झिजलेल्या गुडघ्यांसाठी काका तीन महिने गोळ्या खात होते, बहुतेक वेळा रिकाम्या पोटी. त्या गोळ्यांनी जठराला आतून पोखरलं होतं. दुपारी दोनला ते शिवून झालं. आणखी दोन तास गेले असते तर काय, हे सर्जनने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

चौथा पलंग मात्र रद्द झाला. चाळीसही जणांनी त्या पलंगाची परीक्षा आठवड्याने पुन्हा द्यायची, असा कागद लागला. कागद लागल्यावर तासाभरात तिच्याशी बोलणारी माणसं चार उरली, आणि त्यातल्या दोघांनी विचारलं ते एवढंच, "तुला आठ मिनिटं गप्प बसवलं नाही का?"

तिसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली. काकांच्या नाकात नळी होती. शेजारी काकू स्टुलावर बसल्या होत्या, चिडलेल्या.

"घरी करंगळीला कापलं तर अख्ख्या जिन्याला कळतं," काकू म्हणाल्या. "आणि तिथे पोट फाटलं तर म्हणे जड वाटतंय! विचार त्यांना, विचार."

"काका, बोलला का नाहीत?"

"सोंग मोडलं की पलंग रद्द," काका सावकाश म्हणाले. "चाळीस पोरांची मेहनत. म्हटलं गॅस असेल. चहाच्या सुट्टीपर्यंत काढू कळ."

"पलंग रद्द झालाच, काका."

"झाला? मग फुकटच की गं पाऊण तास सोसलं."

हसायचा प्रयत्न केला आणि टाक्यांनी तो हाणून पाडला. काकूंनी उशी सारखी केली, जरा जोरातच.

"दहा वीसला कळ आली," काका पुढे म्हणाले. "तुझ्या आधी चौघं आली. दोघांनी नुसता हात फिरवला, इस्त्री केल्यासारखा. दोघांनी नीट ठेवला. तो चष्म्याचा पोरगा आहे ना, त्याचा हात थबकला. मला वाटलं, आता बोलतोय हा. त्याने टेबलाकडे पाहिलं, आणि मग म्हणाला, मऊ."

तिचाही हात थबकला होता. तिनेही टेबलाकडे पाहिलं होतं. दोघांमध्ये फरक होता तो फक्त पुढच्या चार मिनिटांचा.

"पट्टीसर आले होते काल," काकू म्हणाल्या. "ते चार कागद घेऊन आले होते. चारहीवर वीसपैकी वीस. इथे बसून बराच वेळ बघत होते. मी चहा विचारला तर नको म्हणाले."

आठवड्याने पुन्हा तीच खोली, तोच पंखा. चौथ्या पलंगावर आता एक निवृत्त शिवणकामवाल्या बाई होत्या, अघळपघळ, पहिल्यांदाच पेशंट झालेल्या. बाहेर बाकावर बातमी आलीच होती. पण या वेळी बातम्या दोन होत्या. कुणी म्हणे नॉर्मल, कुणी म्हणे लिव्हर वाढलंय, आणि कुणाचाच कशावर विश्वास नव्हता.

ती पायथ्याशी उभी राहिली. पोट वर येत होतं, खाली जात होतं. तिने हात ठेवला, आणि बाई किंचाळल्याच, "अगं बाई, बर्फ की काय! गुदगुल्या होतात मला!"

पोट मऊ होतं. हाताला कळत होतं की मऊ आहे, आणि तरी तिच्या मनात कुणीतरी म्हणालं, 'नीट बघ, काहीतरी असेल.' तिने नीट पाहिलं. डाव्या बरगडीखाली बोटं घालून, बाईंना श्वास घ्यायला लावून, दोनदा. आतड्यांचे आवाज ऐकले. बाईंनी भरपेट नाश्ता केला होता हे पोट स्वतःच सांगत होतं. उजव्या बरगडीवर ठोकलं. बद्द. भरलेलं पिंप. हा आवाज इतका छान असतो हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"सापडलं काय ते सांगा," पट्टीसर म्हणाले. पण आज ते टेबलाशी बसले नव्हते. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते, तक्ता एका हातात धरून.

"पोट मऊ आहे. कुठे दुखत नाही. आतड्यांचे आवाज आहेत. लिव्हरवर आवाज बद्द आहे."

"स्प्लीन?"

"लागत नाही, सर."

"खात्री?"

"दोनदा बघितली."

पट्टीसरांनी तक्ता पलंगाच्या कठड्यावर टेकवला. पेन्सिल खाली उतरली. एक चौकोन, दुसरा, तिसरा. ती न मोजता मोजत राहिली. मग त्यांनी तक्ता बाजूला ठेवला, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, बाईंना "माफ करा, जरा गार आहे," असं म्हणून स्वतः पोटावर हात ठेवला, उजव्या बरगडीवर एकदा ठोकलं आणि शेवटच्या चौकोनात खूण केली.

"जा," ते म्हणाले. "पुढच्याला पाठवा."

नियमाप्रमाणे ती दुसऱ्या दाराने बाहेर पडली. स्वच्छतागृहाच्या बोळात चष्मेवाला उभा होता, तोंडावर पाणी मारून आलेला, कॉलर भिजलेली. त्याने आजूबाजूला पाहिलं. चिडवायचं नाव त्याच्या तोंडी आलं नाही.

"ताई," तो हळूच म्हणाला, "काय आहे गं चौथ्यावर?"

"पोट आहे," ती म्हणाली. "हात चोळून घे, आणि लावून बघ."